नामिबिया-बोत्स्वाना स्वतः गाडी चालवत: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

ओळखीचे लोक सहलीचा आराखडा तपासायला पाठवतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या पहिल्या दिवशी एकच मजकूर असतो: दुपारी नामिबियाच्या राजधानीला, विंडहूकला उतरणे, गाडी घेणे, रात्री एटोशा राष्ट्रीय उद्यानात मुक्काम. अंतर ४३५ किलोमीटर, रस्ता डांबरी, नकाशा पाच तासांच्या आत पोचवतो. कागदावर सगळं जमतं. प्रत्यक्षात गाडी ताब्यात यायला दोन-तीन तास जातात, किराणा व्हायचा असतो, आणि सूर्य मावळला की एटोशाचं फाटक बंद होतं. मग अनोळखी रस्त्यावर, अंधारात, जनावरं आडवी येत असताना गाडी हाकावी लागते. अशा वेळी काही झालं तर विमाही हात वर करतो.

या सहलीत दोनच गोष्टींचा हिशेब चुकवून चालत नाही: सूर्यास्त आणि टायर. खालचा क्रम त्या दोन्हींभोवती बांधला आहे. मार्ग असा धरला आहे: विंडहूक, एटोशा, रुंडू, काप्रीवी पट्टा (नामिबियाच्या ईशान्येची चिंचोळी पट्टी), मग बोत्स्वानातलं कासाने, माऊन आणि परत विंडहूक.

टप्पा १: आधी दिवस मोजा, मग ठिकाणं

हे वर्तुळ साधारण तीन हजार किलोमीटरचं आहे, अभयारण्यांच्या आतलं फिरणं वेगळं. त्याला अठरा-एकोणीस दिवस हवेत. विभागणी साधारण अशी:

- विंडहूक: पहिली रात्र. या दिवशी गाडी चालवायची ती फक्त विमानतळापासून शहरापर्यंत, सुमारे ४५ किलोमीटर.
- एटोशा: ४ रात्री, उद्यानातल्या तीन कॅम्पांत. ओकाउकेयोला दोन, हलालीला एक, नामुटोनीला एक.
- रुंडू: एक रात्र. नामुटोनीहून सुमारे ४१५ किलोमीटर, सगळं डांबर, पण दिवस पूर्ण जातो.
- दिवुंडू: दोन रात्री, ओकावांगो नदीकाठी.
- कोंगोला: एक किंवा दोन रात्री, क्वांडो नदीकाठी.
- कासाने: तीन रात्री.
- नाता एक, माऊन दोन, घान्झी एक, गोबाबिस एक.

गोबाबिसचा शेवटचा मुक्काम मुद्दाम आहे. विंडहूकचा विमानतळ शहराच्या पूर्वेला, गोबाबिसच्याच रस्त्यावर लागतो. त्यामुळे परतीच्या दिवशी शहरात शिरायची गरज पडत नाही.

हातात बारा-तेरा दिवसच असतील तर बोत्स्वाना सोडून द्या. एटोशाला दोन दिवस वाढवा आणि दिवुंडूवरून मागे फिरा. "आलोच आहोत तर व्हिक्टोरिया फॉल्सही करू" या एका वाक्याने चांगल्या सहलींची वाट लागलेली आहे.

ऋतू जून ते ऑक्टोबर. पाऊस नसतो, गवत खाली बसलेलं असतं, रानातली डबकी आटलेली असतात, म्हणून जनावरं पाणवठ्यावर येतात. जून-जुलैच्या पहाटे तापमान शून्याच्या आसपास जातं. ऑक्टोबरात उलट, दुपार भाजून काढते.

तपासा: तुमच्या आराखड्यातला प्रत्येक प्रवासाचा दिवस सूर्यास्ताच्या दोन तास आधी संपतो का? नामिबिया आणि बोत्स्वानाचं घड्याळ एकच आहे, भारताच्या साडेतीन तास मागे. पण कासाने एटोशाच्या बरंच पूर्वेला असल्याने तिथे सूर्य सुमारे अर्धा तास आधी बुडतो. एटोशात लागलेली संध्याकाळची सवय कासानेत अंगाशी येते.

टप्पा २: बुकिंगचा क्रम उलटा करू नका

आपल्याकडे आधी विमानाचं स्वस्त तिकीट पकडायची पद्धत आहे. इथे ते शेवटून दुसरं काम.

१. एटोशाच्या आतले कॅम्प. हे सरकारी नामिबिया वाइल्डलाइफ रिसॉर्ट्सकडे आहेत आणि हंगामात महिनोन् महिने आधी भरतात. तुमच्या तारखा तेच ठरवतील.

२. बोत्स्वानातल्या अभयारण्यांच्या आतले तंबूतळ, तिथे राहायचं असेल तर. ते वेगवेगळ्या खाजगी चालकांकडे आहेत, त्यामुळे प्रत्येकाला वेगळी मेल करावी लागते. पहिल्याच खेपेला कासाने गावात राहून दिवसा आत जाणं बरं.

३. गाडी.

४. व्हिसा. या वर्तुळात नामिबियात तुम्ही दोनदा शिरता, एकदा विमानाने आणि एकदा बोत्स्वानातून रस्त्याने. व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हे अर्जातच पाहा. दोन्ही देशांचे नियम अलीकडे बदलत आले आहेत, म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळ वाचा. मित्राने दोन वर्षांपूर्वी काय केलं ते धरू नका.

५. विमानाचं तिकीट.

६. मधले मुक्काम: रुंडू, नाता, घान्झी. हे उशिराही मिळतात.

सावधान: जोहान्सबर्गमार्गे दोन वेगवेगळी तिकिटं काढलीत तर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायला दक्षिण आफ्रिकेत शिरावं लागू शकतं, आणि त्याचा व्हिसा वेगळा. एकाच तिकिटावर सामान शेवटपर्यंत जाऊ द्या.

टप्पा ३: कागद आणि पैसे

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओकडून मिळतो, मुदत एक वर्ष. तो एकटा चालत नाही, मूळ परवाना सोबत हवाच. जितके जण चालवणार तितक्यांची नावं भाडेकरारात हवीत. करारात नसलेल्या मेहुण्याने "जरा अर्धा तास" चालवली आणि नेमकं तेव्हाच काही झालं, तर सगळं बिल तुमचं.

विमान इथिओपिया किंवा केनियामार्गे असेल तर पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र मागितलं जाण्याची शक्यता गृहीत धरा. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते आणि ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. काप्रीवी आणि चोबे (कासानेजवळचं राष्ट्रीय उद्यान) हा मलेरियाचा टापू आहे. गोळ्या कोणत्या आणि कधीपासून, हे डॉक्टरांना विचारा. काही गोळ्या निघायच्या आधीच सुरू कराव्या लागतात आणि परतल्यावरही चालू ठेवाव्या लागतात.

मुलं बरोबर असतील तर आईवडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला इंग्रजीत घ्या. एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्रही हवं. सीमेवर हे मागतात.

पैशांचं सोपं आहे. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचा भाव एकास एक असून नामिबियात दोन्ही चालतात. बोत्स्वानात पुला. गाडीच्या अनामतीसाठी मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्डावर बहुतेक जण गाडी देत नाहीत. कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून घरीच चालू करा, मर्यादा वाढवा आणि चार आकडी पिन पाठ करा. काउंटरवर उभं राहून मुंबईच्या ग्राहकसेवेला फोन लावणं हा या सहलीतला सर्वात टाळता येण्यासारखा प्रकार आहे.

टप्पा ४: गाडी आणि विमा

डबल कॅब फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी) घ्या: हायलक्स, रेंजर किंवा त्याच जातीची. एटोशात साधी कारही चालते. पण चोबेच्या नदीकाठच्या वाळूत ती पहिल्या वळणाला रुतेल. छतावरचा तंबू, फ्रिज, गॅस आणि भांडी यांसकट गाड्या मिळतात. तंबूत राहणार नसाल तरी फ्रिज आणि दोन स्टेपन्या मागाच.

भाव बघताना आधी विम्याची कलमं वाचा. बहुतेक करारांत हे सापडतं:

- अंधार पडल्यावर गावाबाहेर चालवलेली गाडी विम्यात नाही.
- दुसरं वाहन नसताना झालेला अपघात, म्हणजे गाडी आपली आपण उलटली तर, वगळलेला किंवा अर्धाच भरलेला.
- पाण्यात घातल्याने इंजिनाचं झालेलं नुकसान नाही.
- टायर आणि काच वेगळे पैसे भरल्याशिवाय नाहीत.
- वेगमर्यादा मोडली असेल तर काहीच नाही. अनेक गाड्यांत वेग नोंदवणारं यंत्र बसवलेलं असतं.

टायर-काचेचे जादा पैसे भरा. त्यात कंजूषी करू नका.

भाडं ठरवतानाच सांगा की गाडी बोत्स्वानात जाणार आहे. त्यासाठी मालकाचं सीमापार परवानगीपत्र आणि नोंदणीची साक्षांकित प्रत लागते, आणि ती आयत्या वेळी मिळत नाही.

टप्पा ५: गाडी ताब्यात घेताना घाई नको

रात्रभराच्या विमानप्रवासानंतर डोळे मिटत असतात, समोरचा माणूस भराभर दाखवत असतो, आणि आपण माना डोलावतो. जमलं तर पहिल्या रात्री टॅक्सीने हॉटेल गाठा आणि गाडी दुसऱ्या सकाळी घ्या. ताब्यात घेताना हे स्वतःच्या हाताने करा:

१. स्टेपनी बाहेर काढायला लावा. गाडीखाली टांगलेली असेल तर ती उतरवणारा दांडा आणि त्याचं भोक कुठे आहे ते पाहा. धुळीने ते भोक भरलेलं असतं.

२. चाकाचा पाना एका नटावर बसवून पाहा. एखादा नट वेगळ्या आकाराचा, कुलपाचा असेल तर त्याची खोबणी गाडीत आहे का?

३. टायरच्या कडेवर चार आकडी संख्या असते. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष: २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. कडेला चीर, फुगवटा किंवा बाहेर आलेला धागा दिसला तर टायर बदलून मागा. स्टेपनीचाही आकडा वाचा. जुना माल तिथेच खपवला जातो.

४. हवा भरायचा कॉम्प्रेसर लावून एका चाकात हवा भरून पाहा. हवा मोजायचा गेज चालतो का?

५. फोर-हाय आणि फोर-लो (चारही चाकांना जोर देणारे, अनुक्रमे वेगाचा आणि संथ ताकदीचा गियर) दोन्ही टाकून चार पावलं गाडी हलवा.

६. फ्रिज दुसऱ्या बॅटरीवर आहे का? नसेल तर सकाळी गाडी सुरू होणार नाही.

७. तंबू उघडून, बंद करून दाखवायला लावा, मग तुम्ही एकदा करा.

८. काचेवरचे टवके, खरचटे आणि गाडीचा खालचा भाग यांचा व्हिडिओ काढा. आधीचा प्रत्येक टवका कागदावर नोंदवून सही घ्या.

९. इंधन डिझेल की पेट्रोल? पंपावर मुलगा भरतो. खिडकीतून मोठ्याने सांगा आणि नळी हातात घेईपर्यंत बघत राहा.

सावधान: विंडहूकमध्ये रिमोटने गाडी बंद केली की दाराची कडी ओढून पाहा. रिमोटचा सिग्नल अडवून गाडी उघडी ठेवणारे चोर दुकानांच्या पार्किंगमध्ये असतात. सीटवर काहीही दिसू देऊ नका. किराण्याला एकजण आत, एकजण गाडीत.

टप्पा ६: किराणा आणि सामान

विंडहूकच्या सुपरमार्केटात सगळं मिळतं, पुढे ओटजिवारोंगो, त्सुमेब, ग्रूटफोंटेन आणि रुंडूलाही. शाकाहारी लोकांनी लॉजच्या जेवणावर अवलंबून राहू नये. तिथे ताटाचा बराचसा भाग मांसाचा असतो आणि उरलेल्यात बटाटा. भाजणी, पोहे, मुगाची डाळ, मसाले आणि एक लहान कुकर घरून न्या. सीलबंद पाकिटं न्या आणि विमानतळावर विचारलं तर सांगून टाका. तूप, पनीर, दुधाची पावडर नको. जनावरांच्या रोगांमुळे दुधामांसाच्या पदार्थांवर इथल्या नाक्यांवर कडक नजर असते. तेलावर भागवा.

पाणी माणशी रोज ५ लिटर धरून गाडीत ठेवा, त्यावर अडचणीसाठी वीस लिटर आणखी. जळाऊ लाकूड विकत मिळतं, अभयारण्यात गोळा करू नका.

चार्जिंगसाठी वेगळा अडॅप्टर शोधत बसू नका. नामिबियातली खाच आपल्या गीझर-एसीच्या मोठ्या तीन पिनांची आहे. त्या आकाराचा मल्टिप्लग घरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो.

ड्रोन घरी ठेवा. परवानगीशिवाय अभयारण्यात चालत नाही.

टप्पा ७: रस्त्यावरच्या सवयी बदला

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, आणि नेमकं त्यामुळेच आपण गाफील राहतो. वेगमर्यादा डांबरावर १२०, गावात ६०. कच्च्या खडीच्या रस्त्यावर कायदा १०० म्हणतो, भाड्याचा करार बहुधा ८०. तुम्ही ७० धरा.

चौकात चारही बाजूंना थांबा असा फलक असेल तर चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, आणि जो आधी आला तो आधी जातो. नाक घालून पुढे सरकणं इथे अपघाताला आमंत्रण आहे. पोलीस नाक्यावर फलकापाशी थांबा, हाताने बोलावल्यावरच पुढे व्हा. हॉर्न जवळपास विसरून जा, जनावरापुढे तर नक्कीच.

बी-१ महामार्गाच्या कडेला वॉर्टहॉग, म्हणजे सुळेवाली रानडुकरं, चरत असतात. ती गुडघे टेकून खाण्यात गुंग असतात आणि क्षणात रस्त्यावर येतात. कुडू हे मोठं हरिण उंच, जड, आणि कुंपणावरून उडी मारून येतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो सर्वात धोक्याचा. एक गेला की त्याच्यामागे दुसरा असतोच. रुंडूपासून पुढे कुंपणं नाहीत. तिथे गुरं, शेळ्या, गाढवं आणि शाळेतून पायी घरी निघालेली मुलं. बी-८ पुढे ब्वाब्वाटा राष्ट्रीय उद्यानातून सरळ जातो, आणि हत्तीची चित्रं असलेले फलक शोभेसाठी लावलेले नाहीत.

समोर जनावर आलं तर ब्रेक दाबा, गाडी सरळ ठेवा. स्टिअरिंग झटक्याने वळवू नका. वेगात वळवलेली उंच गाडी उलटते, आणि उलटलेल्या गाडीचं कलम वर वाचलंच आहे.

आता खडी. या वर्तुळात डांबर पुष्कळ आहे, पण एटोशाचे आतले रस्ते आणि नदीकाठच्या कॅम्पांचे फाटे खडीचेच. नकाशावर बी म्हणजे मुख्य रस्ता, सी आणि डी बहुतेक कच्चे.

१. खडी लागण्याआधी टायर थंड असताना हवा कमी करा: डांबरावर ३२ ते ३५ पीएसआय असेल तर खडीवर २६ ते २८. गाडी देणाऱ्याने वेगळा आकडा सांगितला असेल तर तो धरा. कमी हवेने टायर दगडाला बगल देतो, जास्त हवेचा टायर फाटतो.

२. फोर-हाय टाका. मागचं चाक घसरायचं प्रमाण कमी होतं. डांबरावर आल्यावर काढायला विसरू नका.

३. आधीच्या चाकोरीत चाला. मधल्या सैल खडीच्या ढिगावर चाक गेलं की गाडी पोहायला लागते. तेव्हा पाय उचला, ब्रेक मारू नका.

४. समोरून गाडी आली की वेग कमी करून डावीकडे सरका. धूळ बसेपर्यंत थांबलात तरी चालेल.

५. कोरड्या नाल्याचा उतार दिसला की आधीच वेग कमी करा. खाली पोचल्यावर ब्रेक मारून उपयोग नसतो.

तपासा: दर थांब्याला चारही टायरांना हात लावा. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर त्याची हवा जात आहे. अर्धी टाकी झाली की पंप दिसेल तिथे भरा. पुढच्या गावात डिझेल असेलच असं नाही.

पंक्चर झालंच तर सपाट, कठीण जागी थांबा. जॅक लावण्याआधी नट अर्धा फेरा सैल करा. जॅकखाली फळी किंवा चपटा दगड घाला. वर उचललेल्या गाडीखाली स्टेपनी आडवी सरकवून ठेवा, म्हणजे जॅक घसरला तरी गाडी पूर्ण खाली बसत नाही. पन्नास किलोमीटरवर नट पुन्हा आवळा. आणि पहिल्याच गावात ते पंक्चर काढून घ्या, उद्यावर नको. दोन स्टेपन्या असल्या तरी.

टप्पा ८: एटोशात फिरण्याची पद्धत

सूर्योदयाला फाटकं उघडतात, सूर्यास्ताला बंद होतात. रोजच्या वेळा फाटकावर लिहिलेल्या असतात, आदल्या रात्री फोटो काढून ठेवा. आतला वेग ६०. गाडीतून उतरायचं ते फक्त कॅम्पमध्ये आणि कुंपण घातलेल्या स्वच्छतागृहांपाशी. तिथेही उतरण्याआधी कुंपणाचं फाटक उघडं राहिलेलं आहे का ते बघा. सिंहाला सावली आवडते, आणि त्या आवारात ती असते.

आपल्या लोकांची सर्वात मोठी चूक म्हणजे ताडोबाच्या सवयीने धावाधाव करणं. इथे जिप्सीमागे जिप्सी नसते, वाघाच्या कॉलवर गाडी वळवणारा गाइड नसतो. पाणवठा निवडा, इंजिन बंद करा आणि दीड-दोन तास बसा. आधी झेब्रे रांगेने येतात, पाण्यापासून वीस पावलांवर थांबतात, पुढचा एक पाऊल टाकतो, मागे येतो, मग सगळेच थांबतात. नवखा माणूस इथे कंटाळून किल्ली फिरवतो. त्या थांबण्याकडे लक्ष द्या. सगळ्यांचे कान एकाच बाजूला वळलेले असतील तर दुर्बीण त्या झुडपावर लावा.

ओकाउकेयोहून नेब्राउनी आणि ओकोंडेका, हलालीच्या आसपास रिटफोंटेन, नामुटोनीहून चुडोब: कोरड्या हंगामात एवढे पुरतात. कॅम्पच्या कार्यालयात कुठे काय दिसलं याची नोंदवही असते, ती चहाआधी वाचा. दुपारी बारा ते तीन कॅम्पमध्ये झोपा. खरं कारण रात्र आहे. ओकाउकेयो आणि हलालीच्या पाणवठ्यांवर रात्रभर दिवे असतात आणि काळे गेंडे येतात, बरेचदा नवानंतर. दिवसभर उन्हात भटकलेला माणूस तेव्हा घोरत असतो. तिथल्या बाकांवर कुजबुजही नको, मोबाइलचा पडदा झाकून ठेवा.

प्राण्यांच्या यादीवर खुणा करत फिरायचं असेल तर लक्षात ठेवा: एटोशात रानम्हैस आणि पाणघोडा नाहीत. ते पुढे नद्यांवर भेटतील.

सावधान: कॅम्पवर कोल्हे आणि हनी बॅजर रात्री फिरतात. अन्न, कचरा आणि चपला गाडीत. चपला का? तरस चावून नेतो.

टप्पा ९: काप्रीवी आणि सीमा

ग्रूटफोंटेन ते रुंडू रस्त्यावर मुरुरानीला पशुवैद्यकीय नाका आहे. तिथून उत्तरेला जाताना अडचण नसते, पण उत्तरेचं कच्चं मांस दक्षिणेला आणता येत नाही. बोत्स्वानात शिरताना आणि पुढे माऊन-घान्झी रस्त्यावरच्या कुकेच्या कुंपणापाशीही तपासणी होते. मांसाहारींनी हिशेब ठेवावा: सीमेच्या आदल्या रात्री फ्रिज रिकामा.

नदीकाठच्या कॅम्पवर अंधारात पाण्याकडे जाऊ नका. पाणघोडे रात्री चरायला वर येतात आणि ते तुमच्या व पाण्याच्या मध्ये सापडले तर वाईट, तुम्ही त्यांच्या व पाण्याच्या मध्ये आलात तर त्याहून वाईट. मगरींमुळे काठावर भांडी घासणंही नको.

कातिमा मुलिलोहून न्गोमा सीमा सुमारे ६५ किलोमीटर. सीमा रात्री बंद असते, दुपारपर्यंत पोचा. क्रम असा: नामिबियाचा निर्गमन शिक्का, गाडीची नोंद, पूल, मग बोत्स्वानाचा व्हिसा, गाडीचा कर, आणि शेवटी जंतुनाशकात बुडवलेल्या पायपुसण्यावर बूट. बाकीचे बूटही गाडीतून काढायला सांगतात. गाडीचा नंबर, इंजिन नंबर आणि चासी नंबर एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा, प्रत्येक खिडकीवर हाच प्रश्न असतो.

न्गोमा ते कासाने रस्ता चोबे राष्ट्रीय उद्यानातून जातो. डांबरी आहे, मोठा आहे, पण कुठेही उतरू नका.

टप्पा १०: चोबेची वाळू आणि हत्ती

सेडुडू फाटकापाशी आधी विचारा: खाजगी गाड्यांना आत जायची वेळ ठरवून दिली आहे का? मग हवा १८ ते २० पीएसआयवर आणा, फोर-हाय टाका, खोल वाळूत फोर-लो. वाळूत शिरण्याआधी गती घ्या, मधे गियर बदलू नका, थांबायचंच असेल तर उतारावर किंवा कठीण जागी थांबा.

चाक फिरायला लागलं तर पाय लगेच काढा. आणखी दाबलंत तर गाडी पोटावर बसते. आल्या चाकोरीतून मागे या. नाही जमलं तर आसपास नीट पाहून, एकजण राखणीला ठेवून, चाकांपुढची वाळू हाताने काढा. दाट झुडपात असाल तर उतरू नका, दुसऱ्या गाडीची वाट बघा. डांबरावर परतण्याआधी हवा पुन्हा भरा. कमी हवेवर शंभरच्या वेगाने गेलेला टायर आतून जळतो.

हत्तींचं वेगळं सांगायला हवं, कारण चोबेत ते शेकड्याने आहेत आणि फोटोच्या नादात लोक फार जवळ जातात.

- कळप रस्ता ओलांडत असेल तर लांब थांबा. शेवटचा गेला असं वाटल्यावर आणखी थांबा, पिल्लू मागे राहिलेलं असतं.
- कान पसरून, मान झटकून, धूळ उडवून धावत येणारा हत्ती बहुधा धमकावत असतो. इंजिन चालू ठेवा, आरडाओरड नको, हळूहळू मागे सरका.
- एकटा नर दिसला तर कानशिलाकडे पाहा. डोळा आणि कान यांच्या मध्ये काळपट ओली रेघ, मागच्या पायांच्या आतल्या बाजूला सतत ओघळणारी लघवी, असं असेल तर तो माजावर आहे. त्याच्याशी वाटाघाटी नसतात. दुर्बिणीतून रेघ दिसली त्याच क्षणी मागे फिरा.
- गाडी नेहमी निघायच्या दिशेने उभी करा.
- संत्री-मोसंबी गाडीत ठेवू नका. वासाने हत्ती तंबूतळावर येतात.

टप्पा ११: परतीचा रस्ता आणि गाडी परत करणं

कासाने ते नाता सुमारे ३०० किलोमीटर, कुंपण नाही, हत्ती थेट रस्त्यावर. नाता ते माऊन पट्ट्यात खड्डे धरूनच चाला, अचानक येतात. घान्झीनंतर मामुनो-बुइटेपोस सीमा ओलांडली की पुन्हा नामिबिया. इथेच अनेक प्रवेशांच्या व्हिसाचा उपयोग.

गोबाबिसला शेवटच्या दुपारी गाडी धुऊन घ्या. चिखलाखालचा टवका नवा की जुना यावर वाद नको. विमानतळाआधी टाकी भरा, पावती जपा. पंक्चर काढलेल्या टायरांच्या पावत्याही जपा. गाडी सोपवताना पहिल्या दिवशीचा व्हिडिओ उघडून माणसासमोर फिरा आणि "नवीन नुकसान नाही" असं कागदावर लिहून सही घ्या. किल्ली पेटीत टाकून पळू नका, त्यासाठी उड्डाणाच्या किमान चार तास आधी पोचा. अनामत म्हणून अडवलेली रक्कम कार्डावर मोकळी व्हायला काही आठवडेही लागू शकतात. तोवर सही केलेला कागद फेकू नका.